भाड्याने मिळणारी माणसं

मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं गाव. आमच्या या दुष्काळी पट्ट्यात मुकादम म्हणजे कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. तो कारखान्याकडून उचल घेतो, ती कोयत्यांना वाटतो (कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं) आणि तोडलेल्या उसावर कमिशन मिळवतो. कोयता उचल घेऊन पळाला की मुकादम बुडाला! इंटरनेटवरही असाच एक धंदा होऊन गेला. तिथे तुम्ही मुकादम, आणि कोयते चक्क भाड्याने.

सुरुवात अमेरिकेत, १९९९ साली. ऑलॲडव्हांटेज नावाची कंपनी कॉम्प्युटरवर जाहिरातींची पट्टी दाखवायची आणि ती बघण्याचे पैसे द्यायची. तुम्ही आणलेल्या माणसांमागे, त्यांनी आणलेल्यांमागेही पैसे. जाहिरातींचा पैसा आटला आणि २००१ मध्ये दुकान बंद.

मग क्लिकचे पैसे देणाऱ्या साइट्स आल्या. २००८ साली सुरू झालेली निओबक्स त्यातली प्रसिद्ध. जाहिरात उघडा, काही सेकंद थांबा, सेंटभर किंवा त्याहून कमी मिळवा. एकट्याने क्लिक करून चहाचेही पैसे सुटत नाहीत. म्हणून रेफरल, म्हणजे तुमच्या नावाखाली असलेले सभासद. ओळखीचं कुणी मिळत नसेल तर साइटच तीस दिवसांसाठी भाड्याने देणार.

आता हिशोब बघा. समजा, भाडं महिना २० सेंट आणि रेफरलच्या एका क्लिकमागे तुम्हाला अर्धा सेंट. म्हणजे नुसतं भाडं निघायला ४० क्लिक हवेत, रोज सरासरी १.३३. ही सरासरी सांभाळणं हेच खरं काम! आळशी रेफरल पैसे भरून बदलायचा, चांगल्याची मुदत वाढवायची, मिळालेले पैसे काढायचे नाहीत, पुन्हा भाड्यात घालायचे. मुकादम निदान आपल्या माणसाला तोंडाने ओळखतो. इथे हातात फक्त एक नंबर. तो माणूस आहे की नाही, हेही साइट सांगेल ते खरं.

पण यात बुडाले तर आपलेच चार पैसे. पुढे आपल्याकडे जे आलं ते जास्त वाईट. २०१०-११ मध्ये स्पीक एशिया आली. ११,००० रुपये भरा, सर्व्हे भरा, पैसे मिळवा. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास सुरू केला. मग नोएडाची सोशल ट्रेड. क्लिकमागे ५ रुपये, पण त्यासाठी आधी ५,७५० ते ५७,५०० रुपयांचं पॅकेज घ्यायचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये अटका झाल्या तेव्हा सुमारे ३,७०० कोटींचा आकडा पुढे आला. अशा साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९७८ पासून आहे बरं का!

फरक लक्षात घ्या. भाड्याच्या रेफरलच्या जागी आता मेव्हणा, मावसभाऊ, वर्गमित्र आले. भाड्याचा नंबर गेला तर दुसरा मिळतो. भावकीत तोंड लपवायची वेळ आली तर ते कशाने बदलणार?

उसाच्या धंद्यात पिळवणूक आहे, पण शेवटी काट्यावर ऊस पडतो, साखर होते आणि कुणीतरी ती विकत घेतं. म्हणून घरबसल्या कमाईची गोष्ट कुणी सांगितली की मी एवढंच विचारतो... ऊस कुठे आहे? पैसे जर माझ्यानंतर येणाऱ्याच्याच खिशातून येणार असतील, तर तिथे तोडला जाणारा ऊस म्हणजे आपणच.

असो. घरातल्या पोरांना एकदा हा हिशोब करून दाखवा.