अडकलेली अक्कलदाढ

अडकलेली अक्कलदाढ म्हणजे जबड्यात पुरेशी जागा नसल्यामुळे हाडात किंवा हिरडीखाली पूर्णतः वा अंशतः रुतून राहिलेली तिसरी दाढ. ही दाढ साधारणतः १७ ते २५ या वयात, म्हणजे समज आल्यावर उगवते; त्यावरून तिला 'अक्कलदाढ' हे नाव पडले. ती अडकण्याचे प्रमाण खालच्या जबड्यात अधिक आढळते.

प्रकार

जॉर्ज विंटर यांनी १९२६ मध्ये दाढेच्या कलानुसार वर्गीकरण मांडले. त्यात पुढे कललेली, मागे कललेली, उभी व आडवी हे प्रमुख प्रकार येतात. खालच्या जबड्यात पुढे कललेला प्रकार सर्वाधिक दिसतो.

हिरडीचा शोथ

अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली अन्नकण व जिवाणू साचून शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न होतो. ठणका, गालावर सूज, गिळताना वेदना, दुर्गंधी व तोंड उघडण्यास अडचण ही त्याची लक्षणे होत. कललेल्या दाढेमुळे शेजारची दाढ किडू शकते. क्वचित जबड्यात द्रवार्बुदही होते.

संसर्ग जिभेखालील व हनुवटीखालील भागांत पसरल्यास श्वासमार्ग अवरुद्ध होण्याचा धोका असतो. या अवस्थेचे वर्णन विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये केले. ताप, गळ्याखाली ताठर सूज, लाळ गिळता न येणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.

निदान व उपचार

तपासणी आणि क्ष-किरण चित्र यांवरून निदान होते. प्रथम हिरडीखालील भाग धुऊन स्वच्छ करतात; कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या व वेदनाशामके देतात. ताप वा पसरती सूज असल्यास प्रतिजैविके दिली जातात. लवंगेच्या तेलाने वेदना तात्पुरती शमते, कारण मात्र दूर होत नाही. त्रास वारंवार झाल्यास दाढ काढतात. खालच्या ओठाची संवेदना वाहणारी मज्जा दाढेच्या मुळांजवळून जात असल्याने ओठाला बधिरता येण्याची शक्यता असते. ती बहुधा तात्पुरती असते. त्रास न देणारी दाढ सरसकट काढावी की नाही, याविषयी मतभेद आहेत.

विदर्भातील संदर्भ

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी व परिसरासह विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा खाण्याची सवय रूढ आहे. सुपारीच्या सेवनाने तोंडाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड हळूहळू कमी उघडू लागते. ही कर्करोगपूर्व अवस्था होय. तोंड न उघडण्याचे कारण प्रत्येक वेळी अक्कलदाढच असते असे नाही. दाढेच्या शोथात ही अडचण काही दिवसांत, तर खर्ऱ्यामुळे महिनोन्महिन्यांत वाढते. दोन्ही विकार एकत्र असल्यास शस्त्रक्रिया अवघड होते. विदर्भात दंतशल्यचिकित्सेची सोय नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालय (स्थापना १९६८) व वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय येथे आहे.