मास्तरांच्या पगाराचा इतिहास

मृगाच्या पावसाने जमीन भिजली की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी सरकी लावतो. कपाशी हाती येईल की नाही, हे त्या दिवशी त्याला ठाऊक नसते. पाऊस, बोंडअळी आणि बाजारभाव या तिन्ही गोष्टी त्याच्या हाताबाहेरच्या असतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या अखेरीस, विदर्भातील शाळा उघडतात. वर्गावर जाणाऱ्या शिक्षकांपैकी काहींना महिन्याच्या आरंभी पूर्ण वेतन मिळते, काहींना त्याचा काही हिस्सा मिळतो, आणि काहींना संस्था देईल तेवढ्यावर भागवावे लागते. काम एकच, फळा तोच, मुलेही सारखीच. कोरडवाहू शेतकऱ्याची अनिश्चितता शिक्षकाच्या घरात कशी शिरली, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर अनुदानाचा इतिहास पाहावा लागतो.

अनुदान म्हटले की आपल्या धर्मग्रामांतील अनेकांच्या डोळ्यांपुढे कचेऱ्या, फाइली आणि हेलपाटे उभे राहतात. काहींना ते सरकारचे उपकार वाटतात, तर काहींना सरकारने संस्थेच्या गळ्यात अडकवलेला दोर वाटतो. आमच्या मते या इतिहासाकडे वेगळ्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. शाळा चालवण्यातील जोखीम कोणी उचलावी, सरकारने, संस्थेने की शिक्षकाने, याविषयी पावणेदोनशे वर्षांत जे निरनिराळे निर्णय झाले, त्यांचाच हा इतिहास आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. त्यानंतर एकाच वर्षाने, १८५४ मध्ये, सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता हिंदुस्थानात आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वातही नव्हता. तो १८६४ साली वेगळा झाला, पुढे वणी या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि १९०५ च्या पुनर्रचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वुड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी साहाय्य देण्याचे तत्त्व मान्य केले. त्याच्या अटी मोजक्या होत्या. शाळेत लौकिक विषयांचे शिक्षण चांगले असावे, व्यवस्थापन जबाबदार असावे, तपासणीस मुभा असावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घ्यावी. शाळेत कोणता धर्म शिकवला जातो याकडे तपासनिसाने लक्ष देऊ नये, असेही त्यात होते. आजच्या अनुदानपद्धतीचा सांगाडा या चार अटींतच सापडतो.

खलिता येण्यापूर्वी शाळा नव्हत्या असे नाही. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली शाळा काढली होती. आपल्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरींची नागपुरातील शाळा १८७० ची. यवतमाळात पुढे फ्री मेथडिस्ट मिशनने जम बसवला. अशा शाळांचा पैसा येत असे तो मुख्यतः परदेशातील साध्या माणसांच्या खिशांतून. फ्रान्समधील ल्योन शहरी १८२२ साली पोलिन जारिको या तरुणीच्या प्रेरणेने श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांनी आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे, द्यायचे अशी व्यवस्था होती. रेशमाच्या मागावर काम करणाऱ्या मजुरांची ती नाणी साता समुद्रापलीकडच्या मिशनांना पोहोचली. हे ऋण आपण विसरता कामा नये. परंतु वर्गणी आटली की शाळेचा श्वास कोंडे, हेही तितकेच खरे. दूरच्या दात्याच्या उदारतेवर गावातील शिक्षकाची चूल किती काळ पेटती राहणार?

सरकारी पैसा आला, पण तोही सरळ आला नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी नवी संहिता लागू केली. तपासनीस शाळेत येणार, मुलांची वाचन, लेखन आणि गणित या विषयांत परीक्षा घेणार, आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके अनुदान मिळणार. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीस कसून विरोध केला. तरी हीच ‘निकालानुसार अनुदान’ पद्धत हिंदुस्थानातील अनेक प्रांतांत आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. ती वरवर न्याय्य दिसते. परंतु हिवतापाने अंथरुणाला खिळलेला मुलगा, वेचणीच्या दिवसांत आईबरोबर शेतात गेलेली मुलगी, यांचा दंड कोणाला बसणार? शाळेला, आणि शाळेमार्फत मास्तरांना. त्यामुळे हुशार मुलांवर मेहनत घ्यावी आणि मंद मुलांना मागच्या बाकावर सोडून द्यावे, असा मोह शिक्षकाला पडणे स्वाभाविक होते. ज्याला शाळेची सर्वाधिक गरज, तोच मुलगा शाळेला महाग पडू लागला.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, ही त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसा पगार असावा, अशी त्यांची मागणी होती. अनुदान कोणाच्या पैशाचे, हा प्रश्न त्यांनी नेमका मांडला. ज्याच्या शेतसाऱ्यातून तिजोरी भरते, त्याच्या मुलाच्या शाळेवर तिजोरीतून खर्च झाला तर त्याला उपकार कसे म्हणावे? ते देणेच आहे.

आपल्या प्रांताने एक निराळा प्रयोगही पाहिला. १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्या वेळचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आखली. गावातील दात्यांनी जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळा व शिक्षक दोन्ही पोसावेत, अशी ती कल्पना. त्याच वर्षी वर्ध्यात गांधीजींच्या नयी तालीमची परिषद भरली होती, त्यामुळे योजनेला वजन आले. पुढे तिच्या नावावरून मुस्लिम समाजाने आक्षेप घेतला आणि वाद माजला. आम्हांला मात्र तिची आर्थिक बाजू अधिक विचारात पाडते. गाव आपली शाळा आपल्या मातीवर उभी करते, ही कल्पना मनोहर आहे खरी. पण ज्या वर्षी शेत पिकणार नाही, त्या वर्षी मास्तरांनी काय खावे? कोरडवाहू जमिनीला पगाराची हमी देता येत नाही, हे यवतमाळच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक धोका दिसून आला. १९४८ साली मुंबई सरकारने कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले. कारण होते त्यांचे टीकात्मक भाषण. हजारो गरीब मुलांची ती संस्था लोकांच्या मदतीवर तगली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. राज्यकर्त्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले अनुदान मर्जी फिरताच जाते, हा धडा त्यातून मिळाला.

म्हणून राज्यघटनेने या विषयात घातलेला पाया मोलाचा आहे. कलम ३० नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क आहे, आणि केवळ अल्पसंख्याकांची म्हणून राज्याला त्या संस्थेशी अनुदानात भेदभाव करता येत नाही. दुसऱ्या बाजूने, कलम २९ नुसार अनुदानित संस्थेला धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम २८ नुसार तेथील विद्यार्थ्यावर संमतीवाचून धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. हक्क आणि बंधन यांचा हा समतोल आहे. पुढे गुजरातमधील ख्रिस्ती मंडळीच्या अध्यापक विद्यालयाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथील ऐंशी टक्के जागा सरकारने पाठवलेल्या उमेदवारांसाठी राखाव्यात, अन्यथा अनुदान व मान्यता काढू, असे त्या वेळच्या मुंबई सरकारचे म्हणणे होते. १९६३ च्या न्यायनिवेदनांत प्रसिद्ध झालेल्या या निर्णयाने सरकारचा तो आदेश अल्पसंख्याकांच्या हक्काविरुद्ध ठरवला. अनुदान देताना संस्थेचा आत्मा मागता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. तो काळ शिक्षणाच्या दृष्टीने आशेचा होता. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांहून कमी असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. त्या वर्षांत ग्रामीण भागात माध्यमिक शाळा पसरत गेल्या. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने सरकारी व खाजगी शिक्षकांच्या वेतनात समानता असावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने वेतनश्रेणी, सेवेची शाश्वती आणि अन्याय झाल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय दिली. त्या घडीला जोखीम शिक्षकाच्या खांद्यावरून बरीचशी उतरली होती. शिक्षकाचे घर उभे राहिले, त्याची मुले शिकली, आणि खेड्यातील हुशार मुलाला मास्तर व्हावेसे वाटू लागले.

पुढे चाक उलटे फिरले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम. प्राथमिकला ३०००, माध्यमिकला ४००० आणि उच्च माध्यमिकला ५००० रुपये. हे मानधन २०२३ साली अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले. २००१ च्या सुमारास नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ साली, इंग्रजी माध्यम वगळता, त्यातील ‘कायम’ हा शब्द काढला गेला आणि २०१६ साली पात्र शाळांना वीस टक्क्यांपासून अनुदान देण्यास आरंभ झाला. २०२४ साली पुढील टप्पा वाढवण्याचा निर्णय झाला, तरी २०२५ च्या जुलैत शिक्षकांना निधीच्या तरतुदीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर भर पावसात बसावे लागले. त्यातच १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. ज्यांची नेमणूक त्याआधीची, पण शाळेला पूर्ण अनुदान त्यानंतर मिळाले, त्यांच्या म्हातारपणाचा प्रश्न वर्षानुवर्षे वादात राहिला. जोखीम अशी पुन्हा शिक्षकाच्या दारात आली.

आमच्या पाहण्यातील एक शिक्षक गणित उत्तम शिकवीत. शाळेचे व गावाचे नाव येथे देत नाही. त्यांच्या पदाची मान्यता कित्येक वर्षे रखडली होती. प्रत्येक वेळी फाइल परत येई. कधी एक दाखला कमी, कधी एक सही. दिवाळीच्या सुट्टीत ते जिनिंगवर हिशेब लिहायला जात. एकदा आम्ही त्यांना विचारले, “मास्तर, सोडून का देत नाही?” ते म्हणाले, “फादर, दहावीचा वर्ग अर्ध्यावर आहे.” त्या उत्तराने आम्ही खजील झालो, कारण परत आलेल्या त्या फाइलींपैकी एक आमच्याच टेबलावर दोन महिने पडून होती.

म्हणूनच दोष केवळ सरकारला देऊन आपली सुटका होत नाही. जोखीम शिक्षकावर ढकलण्यात संस्थाही सामील असतात. नेमणुकीसाठी ‘देणगी’ मागणारी संस्था गरीब उमेदवाराकडून उलटे अनुदान घेते. नोंदी अर्धवट ठेवणारे व्यवस्थापन शिक्षकाचा पगार अडवते. विद्यार्थ्यांच्या पटसंख्येवरून दरवर्षी संचमान्यता ठरते आणि तीवर पदे टिकतात; म्हणून पटाची नोंद बिनचूक आणि वेळेवर असणे हे आता जमाखर्चाइतकेच पवित्र काम आहे. आपल्या कुटुंबांनीही पालकसभेत केवळ निकालाची चौकशी न करता दोन प्रश्न अधिक विचारावेत. आपल्या मुलांना शिकवणाऱ्यांपैकी कितींना पूर्ण वेतन मिळते? आणि ज्यांना मिळत नाही, त्यांचे प्रकरण कोठे अडले आहे? प्रश्न विचारणारे पालक असले की टेबलावरच्या फाइली लवकर हलतात, हा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात सार्वजनिक निधीच्या वाटपाचा विचार न्यायाच्या भाषेत मांडला. पालकांना शाळा खऱ्या अर्थाने निवडता यावी, अशा रीतीने साहाय्य दिले जावे, असा त्याचा आशय आहे. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. त्यातील धन्याच्या औदार्यावर आम्ही अनेक प्रवचने केली. या लेखाच्या निमित्ताने तो पुन्हा वाचताना एका साध्या गोष्टीकडे लक्ष गेले. संध्याकाळ होताच धन्याने कारभाऱ्याला बोलावून मजुरी चुकती करायला सांगितली. काम झाले त्याच दिवशी, त्याच मळ्यात. आपल्या शाळांतील कित्येक मास्तरांची संध्याकाळ कधीच झाली आहे, आणि कारभाऱ्याची वही अजून उघडायची आहे.