काळी आणि पांढरी : मावळांतील जुन्या घरांच्या पायाविषयीं कांहीं विचार

जुन्या कागदपत्रांत 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द इतक्या वेळां येतात कीं, वाचणारा त्यांवर क्षणभरही थांबत नाहीं. काळी म्हणजे गांवची पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आणि लक्षणेनें त्या जागेवर नांदणारा गांवचा समुदाय. मोल्सवर्थच्या कोशांतही हे शब्द आले आहेत. परंतु लक्ष्यार्थ रूढ झाला म्हणजे वाच्यार्थ विस्मृत होतो. हे शब्द मूळचे मातीच्या रंगाचे आहेत. काळी आणि पांढरी हा भेद केवळ महसुली नसून तो इमारतीच्या पायाचाही आहे, आणि त्याचें विस्मरण झाल्यामुळें कामशेत व आसपासच्या मावळांतील जुन्या घरांची डागडुजी आज उलट्या मार्गानें चालली आहे, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम काळीविषयीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजून जो काळा पाषाण झाला, तोच झिजून दख्खनची काळी माती बनली. हिच्यांत माँटमोरिलोनाइट नामक मृत्तिकेचा अंश मोठा असतो. तिचे कण पातळ पापुद्र्यांचे असून पापुद्र्यांच्या मध्यें पाणी शिरलें म्हणजे ते दूर सरतात व माती फुगते. पाणी आटलें म्हणजे आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. मावळांत डोंगरउतारावर तांबूस व मुरमाड जमीन आहे, पण इंद्रायणीच्या खोऱ्यांतील सखल भागांत व भाताच्या खाचरांत चिकण माती दाटून बसलेली असते. त्यांतच येथला पाऊस असा कीं, लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पडावा, पूर्वेस तळेगांवाकडे झपाट्यानें कमी व्हावा, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढें आठ महिने कोरडे. जमिनीनें श्वासोच्छ्वास करावा अशीच ही व्यवस्था आहे.

आतां पांढरी. शेंकडों वर्षें चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडें, खापरें हीं एकावर एक सांचून जो थर होतो, तो राखेमुळें व चुनखडीमुळें फिकट दिसतो. पुराणवस्तुसंशोधकांस हा रंग चांगला परिचयाचा आहे. नेवासें येथें 1954 पासून व शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें 1968 पासून डेक्कन कॉलेजानें जीं उत्खननें केलीं, तीं अशाच पांढरीच्या टेकाडांचीं होत. इनामगांवीं तर ताम्रपाषाणयुगांतील वस्ती निघाली. म्हणजे आपण कागदांत जिला पांढरी म्हणतों ती पुष्कळ ठिकाणीं अक्षरशः पूर्वजांच्या घरांची माती आहे. ही माती काळीसारखी फुगत नाहीं, आणि पुरेशी जाड असली तर खालच्या काळीस ओझ्यानें दाबून धरते व तिच्यापर्यंत ऊन-पाऊस सहसा पोहोंचूं देत नाहीं.

ह्या अनुमानास आधुनिक स्थापत्यशास्त्राचा आधार मिळतो. मुंबईच्या आयआयटींतील प्राध्यापक कट्टी ह्यांनीं काळ्या मातीवर दीर्घकाळ प्रयोग केले व 1970 नंतरच्या दशकांत असें प्रतिपादिलें कीं, फुगणाऱ्या मातीवर सुमारें एक मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या परंतु चिकटून राहणाऱ्या मातीचा थर दिला असतां खालचें फुगणें पुष्कळच आवरतें. कालव्यांच्या कामांत ही रीति वापरली गेली. मुरमाची योग्य जात ह्या कामीं चालते. जें प्रयोगशाळेनें सिद्ध केलें, तें गांवांच्या पांढरीनें न कळत साधलें होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये.

संस्कृत वास्तुग्रंथांत ह्याविषयीं काय आहे, हा प्रश्न आमच्या पिढीच्या शास्त्र्यांस साहजिकच सुचतो. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वास्तुविद्याध्यायांत दोन परीक्षा सांगितल्या आहेत. हातभर खड्डा खणावा व तीच माती पुन्हां त्यांत भरावी. उरली तर भूमि उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर अधम. दुसरी अशी कीं, खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन यावें, आणि पाणी उणें झालें नसल्यास भूमि चांगली समजावी. भरीव जमीन पोकळ जमिनीपासून निवडण्यास पहिली परीक्षा खरोखर मार्मिक आहे. पण काळीवर तिचा निर्वाह होत नाहीं. वैशाखांत वाळलेली काळी खणली तर ढेकळें निघतात, तीं खड्ड्यांत मावत नाहींत, आणि अधम भूमि उत्तम ठरते! पाण्याच्या परीक्षेंतही तेंच : उन्हाळ्यांत भेगा पाणी गिळून टाकतात म्हणून भूमि वाईट, आणि श्रावणांत तीच माती फुगून पाणी जिरूं देत नाहीं म्हणून चांगली. ग्रंथकाराचा हा दोष नव्हे; तो अवंतीचा, आणि माळव्यांतही काळी माती विपुल आहे, तेव्हां ती त्याच्या परिचयाची असलीच पाहिजे. वर्णांच्या क्रमानें भूमीचे रंग सांगतांना त्यानें कृष्णवर्ण भूमि शेवटीं ठेविली आहे. तेथें केवळ वर्णव्यवस्थेचें प्रतिबिंब पाहावें कीं गवंड्यांचा अनुभवही, हें वाचकांनीं ठरवावें. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. वड, पिंपळ, उंबर, पायरी हे वृक्ष घराच्या अमुक दिशांस नकोत, हें त्याचें सांगणेंही दिशांचा भाग वगळला तरी खरें उरतें. हे वृक्ष मुळांनीं जमिनीची ओल शोषतात आणि त्या बाजूची काळी अधिक आकसते.

असो. कामशेतचें प्रकरण मावळांतील इतर जुन्या गांवांहून थोडें निराळें आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 सालीं व खंडाळा-पुणें लोहमार्ग 1858 सालीं खुला झाला, आणि ह्या दोहोंच्या कडेनें येथली पेठ वाढली. वस्ती जेव्हां रस्त्याच्या सोयीनें वाढते तेव्हां ती पांढरीची मर्यादा पाळीत नाहीं. शेजारच्या खडकाळे गांवाच्या नांवांत खडक दिसतो व कामशेताच्या नांवांत शेत, आणि मोह होतो कीं ह्यावरच सिद्धान्त रचावा. परंतु ग्रामनामांच्या व्युत्पत्तीवर इमारत उभारणें हें काळीवर घर बांधण्यासारखेंच आहे, म्हणून तो मोह आवरतों. एवढें खरें कीं, शेत बिनशेती करून घेतल्यानें दप्तरांतील काळी पालटते, पायाखालची पालटत नाहीं.

पूर्वीं ज्यांस काळीवर बांधणें प्राप्तच होतें, त्यांनीं दोन उपाय योजिलेले दिसतात. एक, काळी उकरून काढून पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणें, आणि त्यावर घडीव चिऱ्यांचें उंच जोतें चढविणें. दुसरा, घराचें ओझें भिंतीवर न ठेवितां लाकडी सांगाड्यावर ठेवणें. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, आणि मधल्या खणांत विटांची वा मातीची भिंत, अशी रचना असली म्हणजे जमीन थोडी हालली तरी सांगाडा लवतो, मोडत नाहीं. भिंतीस भेग दिसली म्हणून असें घर पडावयास आलें, असें समजण्याचें कारण नाहीं.

तिसरी गोष्ट फरसबंदीची, आणि तिचें मर्म मला सर्वांत अधिक वाटतें. वाड्याच्या चौकांतील व जोत्याभोंवतालची फरशी पाय चिखलांत पडूं नयेत एवढ्यासाठींच होती, असें आपण समजतों. वस्तुतः जोत्यालगतच्या मातीची ओल बारा महिने शक्य तितकी सारखी राखणें हें तिचें मुख्य कार्य. फरशीला ढाळ असे, ढाळाचें पाणी मोरीवाटे दूर जाई, आणि ऊन थेट मातीस लागत नसे. फरशीखालीं मुरूम अंथरून धुम्मसानें ठोकलेला असे. 1871 पर्यंत लोहमार्ग रायचुरापर्यंत पोहोंचल्यावर शहाबादची फरशी इकडे सुलभ झाली आणि काळ्या दगडाच्या घडीव फरशीची जागा तिनें घेतली. पण खालच्या मुरमाकडे तेव्हांपासून दुर्लक्ष होऊं लागलें, असा माझा समज आहे.

आज काय घडतें? उन्हाळ्यांत घराच्या कडेची माती वाळते, पोटाखालची ओलसर राहते, म्हणून कोपरे खचतात आणि भिंतीची भेग वर रुंद व खालीं निमुळती होते. पावसाळ्यांत कडेची माती फुगून कोपरे उचलले जातात व ती भेग मिटूं पाहते. मालक घाबरतो तो वैशाखांत, कारण भेग तेव्हांच मोठी दिसते. गवंडीही तेव्हांच मोकळा असतो. आणि ती सिमेंटानें ठासून भरली जाते. मग भाद्रपदांत भिंतीस मिटावयाचें असतें पण जागा उरलेली नसते, आणि शेजारीं नवी भेग पडते. ह्यास दुरुस्ती म्हणावयाचें कीं पाचर मारणें? चुना मऊ असतो, थोडें लवणें सोसतो, बारीक चिरा आपल्या आपण भरून काढतो, व भिंतींतील दमट हवा बाहेर सोडतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालून घाणींत मळलेल्या चुन्याचें जुने लोक जें कौतुक करीत तें निराधार नव्हतें. बेल तर वराहमिहिराच्या वज्रलेपांतही आहे.

म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा हवा. आधीं पाणी : पन्हळीचें पाणी जोत्याशीं पडूं न देतां दूर न्यावें, फुटकी मोरी बांधून काढावी. मग भेगेच्या दोहों बाजूंस खुणा करून त्यांवर तारीख लिहावी व एक संपूर्ण वर्ष अंतर मोजावें. भरावयाची ती भेग अगदीं उघडलेली किंवा अगदीं मिटलेली नसतांना, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, चुन्यानें भरावी. फरसबंदी करतांना वरची काळी काढून मुरूम ठोकावा, हातास अर्धें बोट ह्या प्रमाणानें घरापासून दूर ढाळ द्यावा, आणि फरशी भिंतीस जखडूं नये. मध्यें फट ठेवून ती मऊ चुन्यानें बुजवावी, म्हणजे एक हालली तरी दुसरी ओढली जाणार नाहीं.

हें सर्व लिहिण्याचें प्रयोजन ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें निराळेंही आहे. जुन्या घरांचीं दप्तरें हातीं आलीं म्हणजे आपण सनदा, महजर, राजकारणाचीं पत्रें निवडून घेतों, आणि इमारतखर्चाच्या याद्या रद्दींत जातात. शनिवारवाड्यास 1732 पर्यंत 16110 रुपये लागले हा आंकडा सर्वांच्या तोंडीं आहे. पण सामान्य घराच्या यादींत मुरमाच्या गाड्या किती, लोणाऱ्यास चुन्याचे किती, बेलदार किती दिवस लागले, हें पाहिलें तर पाया किती खोल गेला ह्याचा अदमास निघूं शकतो. बेलदारांचे दिवस गवंड्यांच्या दिवसांपेक्षां फार अधिक असतील तर खालीं काळी होती असा तर्क करण्यास जागा आहे. अशा याद्या मावळांतील घरांत माळ्यावर, बहुधा जमाखर्चाच्या गुंडाळ्यांतच, असावयाच्या. घर पाडावयास निघालेल्या मालकाकडे जातांना सनदेआधीं त्या मागाव्या. आणि जोतें उखडलें जाण्यापूर्वीं पायाखालीं काय निघालें तें, मातीच्या रंगासह, टिपून ठेवावें.