कोबोल : साठी उलटली, बुद्धी शाबूत

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात करोनामुळे रोजगार गमावलेल्यांच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत एक अनपेक्षित आवाहन केले. वैद्यकीय स्वयंसेवकांबरोबरच राज्याला कोबोल जाणणारी माणसे हवी होती. बेरोजगार भत्त्याचा हिशेब ठेवणारी संगणक यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती आणि तिची भाषा समजणारे बहुतेक जण निवृत्त झाले होते. नव्या पिढीतील अनेकांनी या भाषेचे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकले असेल. बँकांचे व्यवहार, विम्याचे हप्ते, निवृत्तिवेतन अशा जगभरच्या कितीतरी हिशेबांचा भार मात्र आजही तिच्यावरच आहे.

संगणकाला मुळात शून्य आणि एक याखेरीज काही कळत नाही. आरंभीच्या काळात आज्ञावली लिहिणाऱ्यास यंत्राच्याच सांकेतिक अंकांत आज्ञा द्याव्या लागत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या भारतीय बनावटीच्या संगणकावरही शास्त्रज्ञांना हेच कष्ट उपसावे लागले. एखादा आकडा चुकला तर तो शोधण्यात दिवस जात. शिवाय एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्या यंत्राला निरुपयोगी ठरे.

या कटकटीतून मार्ग काढणाऱ्यांत अमेरिकी नौदलातील गणितज्ञ ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. माणसाला वाचता येतील अशा आज्ञांचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करण्याचे काम खुद्द संगणकानेच करावे, ही त्यांची कल्पना. त्या दिशेने ‘ए-झिरो’ ही त्यांची पहिली प्रणाली १९५२ मध्ये तयार झाली. संगणक फक्त आकडेमोड करतो, आज्ञावली लिहीत नाही, असे तेव्हा त्यांना सुनावले जात असे. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांच्या आज्ञांचा प्रस्ताव मांडला आणि त्याच आज्ञा फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालतात हे दाखवून दिले. त्यावर कंपनीचे वरिष्ठ प्रसन्न होण्याऐवजी हबकलेच! अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल, हा त्यांचा प्रश्न होता. वास्तविक यंत्राला इंग्रजीही कळत नव्हतीच. त्याच्या दृष्टीने ‘ॲड’ काय किंवा ‘मिळवा’ काय, दोन्ही निव्वळ खुणा होत.

दरम्यान १९५७ मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने ‘फोरट्रान’ ही भाषा आणली. नावाप्रमाणेच ती सूत्रांचे भाषांतर करणारी, म्हणजे वैज्ञानिक व अभियंत्यांची भाषा होती. तिने केलेले रूपांतर हाताने लिहिलेल्या यांत्रिक आज्ञांच्या तोडीचे असल्याने शंकेखोरांची तोंडे बंद झाली. व्यापारी हिशेबाची गरज मात्र निराळी होती. पगारपत्रकात समीकरणे थोडी आणि नोंदी हजारो असतात.

त्यासाठी सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा असावी, ही सूचना बरोज कंपनीतील मेरी हॉज यांनी १९५९ च्या वसंतात मांडली. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली आणि समित्या नेमल्या गेल्या. समिती म्हटली की दिरंगाई आलीच. वैतागलेले एक सदस्य हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी तर थडग्यावर बसवतात तसा दगड विकत घेतला, त्यावर ‘कोबोल’ हे नाव कोरून घेतले आणि तो संरक्षण खात्यातील चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिला. (हा दगड आता कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात आहे.) अखेर भाषेचा आराखडा सहा जणांच्या छोट्या गटाने तडीस नेला. त्यांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोन महिला होत्या. ग्रेस हॉपर यांना सर्रास कोबोलच्या जननी म्हटले जाते, पण त्या या सहा जणांत नव्हत्या. त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या आधीच्या भाषेचा ठसा कोबोलवर उमटला, हे मात्र निर्विवाद.

डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली. आज यात कुणाला नवल वाटणार नाही, पण त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. संरक्षण खात्याने संगणक खरेदी करताना कोबोलचा आग्रह धरला आणि उत्पादकांपुढे पर्याय उरला नाही.

कोबोलमध्ये किमतीत कर मिळवायचा तर ‘ॲड टॅक्स टू प्राइस गिव्हिंग टोटल’ असे चक्क वाक्य लिहायचे. संगणकशास्त्राच्या विद्वानांना हा पाल्हाळ कधीच रुचला नाही. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये कोबोल शिकवणे हा गुन्हा मानला जावा, इतकी कडक टीका केली. ती सर्वस्वी चुकीची नव्हती. जुन्या कोबोल आज्ञावल्यांची गुंतागुंत सोडवणे म्हणजे शिक्षाच असते. पण टीकाकारांनी एका गुणाकडे दुर्लक्ष केले. दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या जशी पूर्ण लिहिता येत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत दहा पैसे म्हणजे रुपयाचा एक दशांश नेमका लिहिता येत नाही. अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवणाऱ्या आज्ञावलीत त्यामुळे सूक्ष्म चुका साचत जातात. कोबोलची रचनाच दशमान अंक जसेच्या तसे हाताळण्याची आहे. लाखो खात्यांवरील व्याज मोजणाऱ्या बँकेला यापेक्षा वेगळे काय हवे?

इतर भाषांचा प्रवास तोवर वेगाने सुरू होता. बेसिक (१९६४) विद्यार्थ्यांसाठी आली, पास्कलने (१९७०) शिस्त शिकवली, डेनिस रिची यांच्या सी भाषेत १९७३ मध्ये युनिक्स प्रणाली नव्याने लिहिली गेली. त्यानंतर सी-प्लस-प्लस, पायथन (१९९१), जावा (१९९५) अशी रांगच लागली. त्यांतील कुणीही कोबोलला जागेवरून हलवू शकले नाही.

तिचा एक दोष मात्र जगाला महागात पडला, आणि तोही खरे तर भाषेचा नव्हे, तर काटकसरीचा होता. छिद्रकार्डावर जेमतेम ऐंशी अक्षरे मावत, त्यामुळे वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवण्याची प्रथा पडली. सन २००० उजाडताच ‘००’ चा अर्थ १९०० असा लागण्याची भीती निर्माण झाली. कोट्यवधी ओळी माणसांनी तपासणे भाग होते आणि पाश्चात्त्य देशांत तेवढी माणसे नव्हती. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना मोठ्या प्रमाणावर परदेशी काम मिळण्यास ही संधी कारणीभूत ठरली. मुंबई-पुण्यातील अनेक तरुण-तरुणींनी त्या वर्षांत ही ‘म्हातारी’ भाषा शिकून परदेश गाठला.

इतकी जुनी यंत्रणा बदलून का टाकत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने आपली मुख्य प्रणाली बदलली, तेव्हा सुमारे पाच वर्षे आणि एक अब्जाहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. खर्चापेक्षा मोठी अडचण माहितीची आहे. कोणत्या खातेदाराला कोणती सवलत, कोणत्या वर्षीच्या कायद्याने कोणता अपवाद, हे नियम अनेकदा कागदावर कुठेच नसतात. ते केवळ आज्ञावलीत असतात, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांतील बरेच जण आता हयात नाहीत.

कोबोलची प्रमाण आवृत्ती २०२३ मध्येही सुधारण्यात आली. त्याच वर्षी आयबीएमने कोबोलचे जावात रूपांतर करण्यास मदत करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधन जाहीर केले. भाषांतराचा वेग त्याने वाढेल. परंतु नव्या आज्ञावलीतून निघालेले निवृत्तिवेतन जुन्याशी पैशापैशाने जुळते की नाही, आणि जुळले नाही तर चूक नव्याची की जुन्याची, हे ठरवण्यासाठी दोन्ही भाषा वाचू शकणारा माणूस लागणारच आहे.