अश्मरी, उंदीर आणि विष

अश्मरीवरील शस्त्रक्रिया सांगताना सुश्रुताने राजाची अनुमती घेऊनच वैद्याने हात घालावा, असे बजावले आहे. कुशल हातातही यश अनिश्चित, हे त्याचे कारण. त्याच संहितेत शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा, असेही सांगितले आहे. रुग्णाआधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवावा, ही दृष्टी आपल्याकडे अशी जुनी आहे. मात्र भोपळ्याला मुतखडा होत नाही. तो कसा होतो हे जाणायचे तर सजीवच हवा, आणि येथून हा इतिहास अवघड होत जातो.

१८९१ साली जर्मनीत एबस्टाइन व निकोलायर यांनी ऑक्सामाइड खाऊ घालून प्राण्यांत खडे निर्माण केले. १९१७ साली अमेरिकेत ऑस्बोर्न व मेंडेल यांना सदोष आहारावरील उंदरांत फॉस्फेटचे खडे आढळले. पुढे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आणि मूत्राशयातील खड्याचा संबंध उंदरांवरच पडताळून पाहिला. कुन्नूरची ती संस्था १९५८ साली हैदराबादेत आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. आपल्यापैकी कित्येकजण तिच्या दारावरून नित्य जातात.

परंतु आज प्रौढांना छळणारा खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा, आणि तोही मूत्रपिंडातला. तो उंदरात घडवण्याची रूढ युक्ती म्हणजे पिण्याच्या पाण्यात पाऊण टक्का इथिलीन ग्लायकॉल मिसळणे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच हे द्रव्य. यकृतात त्याचे ऑक्झलेट होते व सुमारे चार आठवड्यांत स्फटिक साचतात. पण वाटेत इतरही विषारी पदार्थ निर्माण होतात, रक्तातील आम्लता वाढते, मूत्रपिंडाच्या पेशी होरपळतात. काही ठिकाणी घाई म्हणून अमोनियम क्लोराइडचीही भर घालतात.

आपल्या देशात पाषाणभेद, वरुण इत्यादी वनस्पतींची परीक्षा बहुशः याच उंदरांवर झाली आहे. वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण प्रमाणाची चिकित्सा हा भाषेच्या अभ्यासकाचाही धर्म आहे. अशा उंदराचे मूत्रपिंड सुधारले, तर औषधाने खडा रोखला की केवळ विषाचा दाह शमवला, हे कसे ठरवावे? प्राण्याला दिलेला क्लेश येथे नुसता क्रूर नाही. तो निष्कर्षही गढूळ करतो. खडा घेऊन दारात आलेल्या रुग्णाला त्या निष्कर्षावर कसे विसंबता येईल?

रसेल व बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांऐवजी पर्याय, संख्येत घट आणि क्लेशात घट ही त्रिसूत्री मांडली. तिच्याशी जुळणारे प्रयत्न या क्षेत्रातही दिसतात. अमेरिकेत बुशिन्स्की यांनी मूत्रावाटे अधिक कॅल्शियम टाकणारे उंदीर निवडून पिढ्यान्‌पिढ्या वाढवले. त्यांना विषावाचून खडे होतात, मात्र फॉस्फेटचे. आहारात हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल घातले की त्यांनाच ऑक्झलेटचे होतात. साध्या उंदरांतही केवळ या आम्लाने ऑक्झलेटचे खडे होतात, असे फ्लोरिडातील खान व सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले.

२०११ साली तैवानमधील संशोधकांनी तर फळमाशीच्या उत्सर्जक नलिकांतच स्फटिक घडवले. विष तेच, भोगणारा जीव तेवढा बदलला, असे कोणी म्हणेल. मीही काही अंशी म्हणतो. शिवाय माशीला आपल्यासारखे मूत्रपिंड नाही. तरी अनेक द्रव्यांची पहिली चाळणी तिच्यावर लावता येते, आणि उंदरापर्यंत मोजकीच न्यावी लागतात.