भिंग स्वच्छ, नजर अंधुक

१/ मराठवाड्यात दृष्टी जाण्याचा इतिहास प्रामुख्याने मोतीबिंदूच्या अंगाने सांगितला जातो. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे नेत्रशल्यविशारद डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. भिंग बदलले की दृष्टी परतते, हा विश्वास त्यातून रुजला.

२/ मल्टिपल स्क्लेरोसिस या विश्वासाच्या कक्षेबाहेरचा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला करते. दृष्टीचा मज्जातंतू सापडला की रंग फिके पडतात, नजर मंदावते. बहुधा ती बरीचशी परतते. पण आघात पुनःपुन्हा झाले की उणीव साचत जाते.

३/ राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते याने १८२२ मध्ये नजर अंधुक झाल्याची नोंद रोजनिशीत ठेवली. आजाराचे नेमके वर्णन मात्र पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये केले.

४/ १८९० मध्ये जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे नोंदविले. मूळ कारण देहाचे वाढलेले तापमान, हे पुढे उमगले. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात म्हणूनच दुपारी अंधुक आणि सायंकाळी स्पष्ट दिसणे हे ढोंग ठरत नाही.

५/ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांत या आजाराचा समावेश केला. डोळा निर्दोष दिसला, तरी दृष्टीची हानी खरी असू शकते.