कॉन्व्हेंट आणि ज्ञानमाता

यवतमाळ जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या विदर्भात, 'कॉन्व्हेंट' हा शब्द ज्या अर्थाने बोलला जातो तो त्याच्या मूळ अर्थापासून फार दूर गेलेला आहे. मुळात तो संन्यस्त ख्रिस्ती भगिनींच्या मठाचा वाचक. पुढे त्या भगिनींनी चालविलेल्या मुलींच्या शाळेला तो लागला. विदर्भात मात्र 'पोराला कॉन्व्हेंटमध्ये घातलं' याचा अर्थ इंग्रजी शाळेत घातले, एवढाच. संस्थाचालक हिंदू असोत वा बौद्ध, शाळेच्या आवारात क्रूस सोडाच, एकही ख्रिस्ती शिक्षक नसो, शाळा 'कॉन्व्हेंट'च. सरस्वतीच्या आणि जिजाऊंच्या नावामागेही हा शब्द निःसंकोच लागतो. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून भाषाविज्ञानाच्या वर्गात हे खपून जाईल. आमचे कुतूहल वेगळे आहे. कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा हे समीकरण या शब्दाने रूढ केले, आणि त्या समीकरणाखाली मराठीतून चाललेल्या कॅथलिक शिक्षणाचा इतिहास दिसेनासा झाला.

समीकरण अकारण रूढ झाले असे नाही. कामठीची लष्करी छावणी १८२१ची. फ्रान्समधील अॅनेसी येथे स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी १८४०च्या दशकात विशाखापट्टणमला आले व तेथून मध्य भारतात पसरले. त्यांचा पहिला भक्तगण छावणीतला होता. १८६७ साली नागपूरला रेल्वे पोचली आणि त्यात रेल्वेच्या नोकरवर्गाची भर पडली. १८७० साली नागपुरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल निघाले, १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला. आयरिश सैनिकाच्या, अँग्लो-इंडियन गार्डच्या मुलाला शिकवायचे तर इंग्रजीतूनच शिकवणार. अशा शाळांना 'युरोपियन शाळा' म्हणून सरकारी संहिताही वेगळी होती आणि तीत भारतीय मुलांचा प्रवेश मर्यादित होता. दुर्मिळ वस्तूला प्रतिष्ठा येते, हा बाजाराचा नियम शाळेलाही लागू पडतो.

यवतमाळ या वाटेवर नव्हते. १९०५पर्यंत जिल्ह्याचे नावच 'वणी' होते. मोठी छावणी नाही, मोठी रेल्वे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून नॅरोगेज गाडी आली ती कापसासाठी. आमचा तर्क असा, की या भागात संस्थेच्या आधी तिचे नाव पोचले. नागपूरला ज्या गोष्टीकडे लांबून पाहायचे ती पुढे गावोगाव उघडता आली, तेव्हा तिला दुसरे नाव कोण देणार?

१९५४ साली या समीकरणाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. मुंबई सरकारने त्या वर्षीच्या जानेवारीत आदेश काढला, की अँग्लो-इंडियन आणि अन्-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतरांच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था (कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट) न्यायालयात गेली. तिच्याबरोबर दोन पालकही होते : आपली मातृभाषा इंग्रजी आहे असे सांगणारा एक भारतीय ख्रिस्ती, आणि एक गुजराती हिंदू. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द ठरविला. निवाडा न्याय्य होता याबद्दल आम्हाला शंका नाही. नागरिकाला केवळ भाषेच्या आधारावर शाळेचे दार बंद करता येत नाही. परंतु त्या खटल्यात ज्याची मातृभाषा मराठी आहे असा ख्रिस्ती माणूस कोठेच नव्हता. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता, तरी निवाडा देशाला लागू होता आणि 'कॉन्व्हेंट'चा रस्ता त्याने सर्वत्र मोकळा केला.

आता दुसरा शब्द. अमरावतीला आणि संगमनेरला 'ज्ञानमाता' या नावाच्या कॅथलिक शाळा आहेत. 'ज्ञानाचे आसन' हे मरियेचे जुने लॅटिन बिरुद. मराठीने आसन बाजूला ठेवून माता घेतली. ज्या भाषेत ज्ञानदेवाला माउली म्हणतात तिला हे नाव सहज सुचले असेल. शाळेच्या पाटीवरचा हा एक शब्द आम्हाला धर्मसंवादावरील पुष्कळ व्याख्यानांहून मोलाचा वाटतो.

मात्र या दुसऱ्या परंपरेचे भरघोस रूप पाहायचे तर वसईला जावे लागते. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज वसईत जेझुइटांचे विद्यालय उभे राहिले. १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झालेला आणि १८६२ साली संतपद लाभलेला गोन्सालो गार्सिया हा जेझुइटांच्या हाताखाली शिकलेला वसईचाच मुलगा. ते शिक्षण अर्थात मराठी नव्हते. विसाव्या शतकातल्या वसईच्या कॅथलिक मुलाची भाषिक स्थिती मात्र मोठी विलक्षण होती. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोली, देवळात लॅटिन मिस्सा, आणि शाळेत प्रमाण मराठी. तिसरी भाषा त्याला शाळेनेच दिली. मराठीतली ख्रिस्ती कविता, म्हणजे रेव्हरंड टिळकांची, त्याला चर्चमध्ये नव्हे तर पाठ्यपुस्तकात भेटली. आणि टिळक तर प्रॉटेस्टंट. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले ते रोमन लिपीत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती यायला १९५६ उजाडले. मराठी शाळेतल्या कॅथलिक मुलाला आपल्याच परंपरेचा आद्यग्रंथ आपल्या शाळेच्या लिपीत मिळायला तीनशे चाळीस वर्षे लागली!

इतिहासाच्या तासाचे काय होत असेल? मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मराठी पाठ्यपुस्तकाला तो विजय, आणि योग्यच. ज्या किल्ल्याच्या तटावरची झुंज वर्गात शिकवली जात होती, त्याच किल्ल्यात त्या मुलांच्या पूर्वजांची चर्चेस भग्नावस्थेत उभी होती. या मुलांनी तो धडा मराठी म्हणून वाचला, की कॅथलिक म्हणून? आम्हाला वाटते, दोन्ही नात्यांनी वाचला. आणि या दुहेरी वाचनाचा लाभ त्या परिसरातल्या मराठी लेखनाला झाला. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाव दिला, तेव्हा वसईला मराठी उपासनेसाठी शब्द शोधत बसावे लागले नाही. ते मराठी शाळेने आधीच तयार ठेवले होते. पुढे वसईचे पहिले बिशप झालेले थॉमस डाबरे यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो तुकारामांचा.

यवतमाळला जानेवारी २०१९मध्ये साहित्य संमेलन भरले. इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेण्यात आले. आक्षेपांत एक असा होता, की मराठी संमेलनात इंग्रजी लेखिका कशाला? (गावोगाव कॉन्व्हेंटे असलेल्या जिल्ह्यात हा आक्षेप यावा, यातला विनोद कोणाच्या ध्यानी आला की नाही, कोण जाणे.) लगेचचे संमेलन उस्मानाबादला झाले. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या सेंट जोसेफ या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेले, 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते. त्यांच्या वेळी आक्षेप निराळा निघाला : धर्मगुरू अध्यक्ष कसा? दोन्ही वाद मराठीच्या नावाने झाले. दिब्रिटो ज्या शाळेतून आले त्या प्रकारच्या शाळेचा प्रश्न कोणी काढला नाही. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले तेव्हाही श्रद्धांजल्यांत पर्यावरण आले, बायबल आले, शाळा ओझरतीच.

वसईतले कॅथलिक पालकही आता इंग्रजी माध्यमाकडे वळले आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपली मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांना नाही. परंतु उपासना अद्याप मराठीत आहे, आणि ती म्हणणाऱ्या मुलांना देवनागरी वाचण्याचा सराव उरलेला नाही, असे दृश्य फार दूर नाही. त्यांच्यासाठी मराठी प्रार्थना रोमन अक्षरांत छापून द्यावी लागली, तर छपाई पुन्हा १६१६च्या राशोलला येऊन पोचलेली असेल. फरक इतकाच, की स्टीफन्सने मराठी शिकून घेतली होती.